खिडकी लावून बोलायची बोली

माझी आय कमळी. रोह्याच्या कंपनीत मला नोकरी लागली, तेव्हा निडीजवळच्या कातकरवाडीतून मी तिला बिल्डिंगमध्ये आणलं आणि पहिल्याच दिवशी शेण खाल्लं. म्हटलं, इथे आपली कातकरी बोली नको, बोलायचंच तर खिडकी लावून. शेजाऱ्यांपासून मी जात लपवली होती ना! पहिले काही दिवस ती खिडकी लावायची. मग बोलणंच सोडलं.

डोंगरातला कडू कंद चिरून, वाहत्या पाण्यात ठेवून त्याचा कडूपणा काढणारी बाई ती. वाडीत दिवसभर तिचं तोंड चालायचं. कंदांना, खेकड्यांना, पावसाच्या तऱ्हांना तिच्याकडे वेगवेगळी नावं. इथेच जन्मलेल्या माझ्या मुलीला, करिश्माला, त्यातलं एकही नाव ऐकू आलं नाही. नातीशी ती मराठीत बोलते, तेही मोजकं.

गेल्या महिन्यात करिश्माच्या कॉलेजातल्या मृणालीबाई घरी आल्या. त्या लहान लहान भाषांचा अभ्यास करतात. करिश्माला आजीची बोली मोबाईलवर साठवायची होती. आय काही तोंड उघडेना. तिला धीर यावा म्हणून बाईंनी दूरदेशीच्या एका म्हाताऱ्याचं बोलणं ऐकवलं. मंगोल भाषांच्या कुळातली भाषा, म्हणाल्या, चार-दोन गावांतच उरलेली. एकाच शब्दाला मागून तुकडे जोडत जातात आणि क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं. मला काही कपाळ कळलं नाही. आय मात्र पुढे सरकून ऐकत होती. संपल्यावर तिने बाईंना विचारलं,

"त्याच्या पोराला लाज वाटते का त्याची?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. उठलो, खिडकी सताड उघडली आणि आमच्या बोलीत मोठ्याने म्हणालो, आय, बोल, ऐकू दे सगळ्यांना. निम्मे शब्द अडखळले, पण बोललो. समोरच्या गॅलरीतले सुभाषभाऊ कपडे वाळत घालता घालता वळून बघायला लागले.

आय उठली. तिने खिडकी ओढून घेतली, कडी नीट घातली आणि स्वच्छ मराठीत म्हणाली,

"हळू रे. तुझं नाव खराब होईल."

मी खिडकी उघडताच करिश्माने मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू केलं होतं. आजीचं तेवढंच बोलणं त्यात आलंय.