वळून न बघता

कराटेच्या ब्लॅक बेल्टची परीक्षा ठाण्यात, एका शाळेच्या हॉलमध्ये होती. परीक्षक बाहेरगावचे. त्यांनी वजन आणि उंची बघून लढतीच्या जोड्या लावल्या, पाठीवरचे नंबर पुकारले आणि माझ्यासमोर माझीच मुलगी येऊन उभी राहिली.

आमचे सर भिंतीजवळ बसले होते. ते अर्धवट उठले. "ओ, या दोघी..." एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. लेकीने त्यांच्याकडे बघून मान हलवली. नको. सर परत खाली टेकले. मीसुद्धा हात वर करून सांगू शकले असते, जोडी बदला म्हणून. पण तिने नाही म्हटलं होतं, आणि क्लासच्या बाबतीत तिचं ऐकायचं असं आमच्यात कधीच ठरलेलं.

क्लास मुळात तिचा. डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रस्त्याच्या आतल्या बाजूला, एका शाळेच्या तळमजल्यावर. पाचवीत असल्यापासून ती जायची. सर तिथल्याच गावातले, आगरी. त्यांच्या शेतांवर आता टॉवर उभे आहेत, क्लास चालवायची त्यांना काही गरज नाही, पण संध्याकाळ झाली की पांढरा गणवेश चढवून माणूस हजर. मी चाळिशी ओलांडली, रक्तात साखर निघाली, आणि त्याच सुमारास सरांनी बायकांची बॅच सुरू केली. मी नाव घातलं. हळूहळू बाकीच्या गळल्या. कुणाचे गुडघे दुखायला लागले, कुणाच्या घरी आजारपण आलं. मी एकटी उरले तेव्हा सर म्हणाले, "आता तुमी मोठ्या बॅचला या."

मोठ्या बॅचला लेक होती. मी घरी सांगितलं तशी ती ताटावरून उठली. "बिल्डिंगमध्ये मी तुझी मुलगी, शाळेत तुझ्या मैत्रिणी शिकवायला. एकच जागा होती मला, जिथे मी कोणाची कोणी नव्हते. तीपण घे."

मला लागलं ते. पण क्लास सोडवेना. पंच मारताना पोटातून ओरडायचं असतं. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी मला मोठ्याने ओरड असं सांगत होतं. शेवटी तिने अटी घातल्या. क्लासमध्ये हाक मारायची नाही. तिची बाजू घ्यायची नाही. आणि सरावाला एकमेकींसमोर उभं राहायचं नाही. सरांनाही तिने हे सांगून ठेवलेलं. त्यामुळे इतकी वर्षं एकाच हॉलमध्ये, पण ती एका टोकाला आणि मी दुसऱ्या.

म्हणजे त्या दिवसाआधी मी तिच्याशी एकदाही लढलेले नव्हते.

"हाजिमे!" परीक्षक ओरडले. सुरू.

ती सुरुवातीपासून अंगावर आली. तिचे पाय लांब, कमरेतून सुटलेली लाथ कधी कानाशी येते कळत नाही. मी हात वर धरून मागे सरकत राहिले. मारायला जागा दिसत होती, हात जात नव्हता. रिंगणाची कड आली तशी मी बाजूला झाले, परत मागे, परत बाजूला.

"यामे!" परीक्षकांनी थांबवलं. मला म्हणाले, "बाई, तुम्ही इथे फिरायला आलात का? हल्ला करा, नाहीतर बसा जाऊन."

हॉलमध्ये कोणीतरी हसलं. लेक दातांवरच्या माऊथगार्डमधूनच पुटपुटली, "मार ना गं! सगळे बघतायत." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, रागाचं. मी तिला सांभाळून घेतेय हे आख्ख्या हॉलला दिसत होतं, आणि तिला नेमकं तेच नको होतं.

परत सुरू झालं. मी मागे सरकणं थांबवलं.

लहानपणापासून तिची एक खोड आहे. काही लपवायचं असलं की डावी भुवई किंचित उचलली जाते. तशी ती उचलली गेली आणि मला कळलं, लाथ येणार. मी बाजूला न होता सरळ आत शिरले आणि मागच्या हाताचा ठोसा, कंबर फिरवून, तिच्या छातीच्या खाली टाकला. ठोसा टेकवून परत घ्यायचा असतो. मी घेतलाही. पण ती स्वतःच वेगात पुढे येत होती, त्यामुळे तो जायचा त्यापेक्षा खोल गेला.

ती गुडघ्यांवर बसली. तोंड उघडं, आवाज नाही.

मी तिच्याकडे झेपावले. परीक्षकांचा तळवा आडवा आला. "जागेवर!"

कराटेत नियम आहे. समोरच्याला लागलं, तो खाली गेला, की आपल्या रेषेवर परत जायचं आणि त्याच्याकडे पाठ करून गुडघ्यांवर बसायचं. वळून बघायचं नाही. सर सांगायचे, पडलेल्या माणसावर आपली नजर नको, त्याला त्याचं उठू दे. तोंडी परीक्षेत हे उत्तर मी घडाघडा दिलं होतं. आता कशीबशी रेषेवर गेले, पाठ केली, बसले. समोर भिंतीवर पालेभाज्यांचा तक्ता होता. मेथी, पालक, अंबाडी.

मागून काहीच ऐकू येत नव्हतं.

तान्ही असताना ती रडता रडता श्वास धरायची. ओठ निळे पडायचे, हातपाय ताठ व्हायचे, आणि मी तिच्या तोंडावर फुंकर मारायचे. एकदा मारली की श्वास सुटायचा. दरवेळी मला वाटायचं, या वेळी नाही सुटणार. तेच परत वाटलं. फरक एवढाच की आता मी पाठ करून बसले होते, आणि श्वास माझ्याच हाताने अडकवला होता.

सरांच्या धावण्याचा आवाज आला. पट्टा सोडल्याची सरसर. मग त्यांचा आवाज, एकदम हळू. "अगो, जोर नको लावू. श्वास घेव नको, आधी बाहेर सोर. माज्याकडं बग. डोलं मिटू नको. सोर, सोर..."

अंबाडी, शेपू, चुका. मी मांडीवरच्या मुठी आवळल्या. मान वळायला बघत होती, तिला मी धरून ठेवत होते.

मग दार करकरावं तसा एक लांब श्वास आत गेल्याचा आवाज आला. खोकला. परत श्वास. मी मुठी सोडल्या.

"थांबवूया का?" परीक्षकांनी विचारलं.

"नाही." आवाज चिरका होता, पण तिचाच. "मी खेळणार."

मला उठायला सांगितलं. वळले. तिचा चेहरा पांढरा पडला होता, ओठ मात्र गुलाबी. मी आधी ओठच बघितले. आम्ही वाकून नमस्कार केला. सुरू झाल्याबरोबर तिने भुवईबिवई काही न हलवता माझा पुढचा पाय तळपायाने झाडला. मी आडवी पडले, आणि तिची मूठ वरून आली. ओरडत आली आणि माझ्या नाकापासून एवढ्याशा अंतरावर येऊन थांबली. हललीसुद्धा नाही.

निकाल वाचताना परीक्षक आडनावाशी अडखळले. "आई-मुलगी? आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाही," लेक म्हणाली.

ती पास झाली. माझी लढत चालली, पण काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, कच्ची होती. ती परत द्यायला सांगितली.

परतताना सरांच्या गाडीत होतो. शीळफाट्याला गाड्या खोळंबलेल्या. सर पाणी आणायला उतरले. मागच्या सीटवर आम्ही दोघीच.

"दुखतंय?"

"हो." ती खिडकीबाहेर बघत होती. "मला वाटलं होतं, तू वळशील."

"वळायचं नसतं."

"माहितीये गं. तरी वाटलं." मग म्हणाली, "बरं झालं नाही वळलीस. तू धावत आली असतीस ना, तर मी तुला धरून तिथेच रडले असते. मग कसली उठतेय."

 मी पदर नसलेल्या कुडत्याच्या बाहीला डोळे पुसायला लागले.

"आता रड," ती म्हणाली, "पण लवकर आटप. सर येतायत."

सर दोन गार बाटल्या घेऊन आले. एक त्यांनी तिला पोटाशी धरायला दिली. दुसरी माझ्यापुढे केली आणि खाली बोट दाखवलं. माझा घोटा सुजून चपलेच्या पट्ट्याबाहेर आला होता, आणि तो दुखतोय हे मला त्यांनी दाखवल्यावर कळलं.