रॅमला कसलं सोवळं?

आमच्या लीड्सच्या घरात कॉम्प्युटर हे खातं माझं. नवरा त्यावर फक्त मतं देतो.

शेजारच्या काकू कायमच्या एडिनबराला मुलाकडे निघाल्या होत्या. नातवंडांशी रोज फोन होतो, पण त्यांचं मराठी 'जेवलीस का'च्या पुढे जात नाही, आणि काकूंचं इंग्रजी भाजी आणण्यापुरतं. म्हणून मी काकूंच्या आठवणी कॅमेऱ्यात घेतल्या आणि खाली इंग्लिश सबटायटल्स टाकत बसले. रविवारी निरोपाच्या कार्यक्रमात, बुद्धवंदना झाली की, काकूंना न्यायला येणाऱ्या नातवंडांना ती फिल्म दाखवायची होती. आजी काय बोलते ते पोरांना एकदा तरी कळू दे, एवढंच मनात होतं. आणि शनिवारी सकाळी आमच्या डेस्कटॉपने मान टाकली! सेव्ह करायला गेलं की बंद. मेमरीच पुरेना.

लेकीच्या जुन्या कॉम्प्युटरमधली रॅमची एक पट्टी ड्रॉवरमध्ये पडून होती. प्रकार तोच, कंपनी वेगळी. ती घेऊन मी खाली बसले, तर नवरा आडवा आला.

"अगं, असं मिक्स करत नाहीत. एकाच कंपनीची जोडी लागते. पुढच्या आठवड्यात मागवू."

"पुढच्या आठवड्यात काकू इथे असणार आहेत का?"

"पण दोघींचं जमायला नको? एका घरातल्या असल्या की बरं."

झालं, माझं डोकंच सणकलं. हा माणूस दर जयंतीला स्टेजवर उभा राहून आंतरजातीय लग्नांवर घसा कोरडा करतो. ते भाषण मला टाळ्यांच्या जागांसकट पाठ आहे.

"अहो समाजसुधारक, बाहेर जाती मोडा म्हणता आणि घरात रॅमला सोवळं?"

त्याचे कान लाल झाले. उठला आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला.

प्लग काढला, पट्टी बसवली, चालू केलं. पंखा फिरला, पण स्क्रीन काळाच. नवऱ्याने नुसत्या भुवया वर केल्या. मेल्या त्या भुवया! परत बंद करून उघडलं, तर रागाच्या भरात मी पट्टी एका टोकाला अर्धवटच दाबली होती. दोन्ही अंगठ्यांनी नीट दाबली, खट्ट झालं, आणि स्क्रीन उजळला.

"आता दोघी, जी हळू असेल तिच्या वेगाने चालणार हं," नवरा म्हणाला.

"चालू देत. मी नाही का चालत तुझ्या वेगाने?"

त्यावर तो इतका हसला की चहा त्यानेच केला. संध्याकाळपर्यंत फिल्म पूर्ण झाली.

रविवारी हॉल भरला होता. फिल्ममध्ये काकू सांगत होत्या, इंग्लंडातल्या पहिल्या नोकरीत सुपरवायझरने 'वास येतो' म्हणून त्यांचा डबा बाहेर ठेवायला लावला. मग काकूंनी आपल्याबरोबरच्या सगळ्या बायकांना बाहेर नेलं आणि बर्फात बसून पंगत मांडली. काम खोळंबलं, तेव्हा शेवटी सुपरवायझरच हात जोडत आला. नातवंडं खाली वाचत होती आणि बरोबर जागी हसत होती. मला रडू आवरेना.

दिवे लागल्यावर मोठी नात काकूंच्या पायाशी येऊन बसली आणि शब्द जुळवत मोडक्या मराठीत म्हणाली, "आजी, तू हे आधी का नाही सांगितला?"

काकूंनी तिच्या गालावरून हात फिरवला. "रोज सांगत होते गं, बाळा."