बॉयलरला पाणी पाजणारे काका

वाफेवाले काका इंजिन पेटवून बसले, की समोरच्या माणसाकडे बघून बोलत नसत. नजर सगळी बॉयलरच्या तोंडाशी उभ्या असलेल्या काचेच्या नळीवर. त्या बोटभर नळीत आतल्या पाण्याची पातळी दिसे. मेहुण्याने एकदा मुलीचं लग्न ठरल्याचं सांगितलं, तर नळीवरची नजर न काढता काका म्हणाले, "पहिले पाणी, मंग गोष्टी." मेहुणा पेढ्यांचा पुडा धरून उभाच.

नागपूरच्या प्रताप नगरात मी त्यांच्या शेजारी राहायला आलो, तेव्हा भिंतीपलीकडची शिट्टी मला कुकरची वाटली. पण कुकर पुढे-मागे सरकत नाही. डोकावलो, तर घराशेजारच्या मोकळ्या जागेत गोल रूळ, त्यावर गुडघ्याएवढं इंजिन, आणि मागच्या ट्रॉलीवर पाय फाकवून बसलेले सत्तरीचे गृहस्थ. खऱ्या कोळशाचं, खऱ्या वाफेचं इंजिन. बॉयलर त्यांनी स्वतः जोडला होता आणि त्याचा तांब्याचा पत्रा इतवारीतल्या भांडेवाल्यांकडे दुकानं पालथी घालून आणला होता. वीजखात्यातून निवृत्त झाल्यावर माणसं देवाला लागतात, हे इंजिनाला लागले.

मला मात्र इंजिनाहून त्याच्या पाण्याचंच कुतूहल. बोअरच्या पाण्याने बॉयलरमध्ये खार बसतो म्हणून काकांनी आमच्या एसीच्या नळीखाली कॅन लावून ठेवली होती. आम्ही दुपारी एसी बंद केला की भिंतीपलीकडून चौकशी येई, "काहून गा, थंडी वाजून राहिली का?" पाणी वरून ओतत का नाही, असं मी एकदा विचारलं. आत वाफेचा दाब असतो, झाकण उघडायची सोय नाही, ते जोर लावून आत ढकलावं लागतं, असं त्यांनी समजावलं. "तांब्यानं ओतता आलं असतं तर न्हाणीतला बंबच नसता का चालवला?" म्हणाले. त्यासाठी ट्रॉलीवर टाकी आणि हातपंप होता. एका हाताने इंजिनाची वाफ सांभाळायची आणि दुसऱ्याने पंप मारायचा.

मग त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. सावरले, चालू लागले, पण त्या हाताने पंप दाबवेना. तरी हट्टाने एकट्यानेच इंजिन काढलं. काही फेऱ्यांत नळीतलं पाणी दिसेनासं झालं. अशा वेळी पाणी कमी पडून तापलेल्या बॉयलरमध्ये गार पाणी घालणं म्हणजे घात, तो फुटायचाच. काकांनी डाव्या हाताने जाळी ओढून पेटते कोळसे खाली पाडले आणि तिथेच जमिनीवर बसले. पुण्याला असलेला मुलगा फोनवर म्हणाला, विकून टाका. काका त्याच्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

तोडगा काकूंनी काढला. पंप ट्रॉलीच्या मागच्या बाजूला बसवून घेतला आणि पदर खोचून त्या स्वतः मागे बसल्या. काका "पाणी" म्हणत, काकू पंप दाबत. गल्लीला मोठी गंमत वाटे. काकांना मात्र ते लागत होतं. "बायकोनं पाणी पाजल्याशिवाय हालत नाही, असा डायवर झालो गा मी," असं ते माझ्याकडे कुरकुरले.

म्हणून त्यांनी इंजेक्टर करायला घेतला. बोटाच्या पेराएवढं पितळी यंत्र, बॉयलरमधलीच वाफ घेऊन तिच्या जोरावर पाणी पुन्हा बॉयलरमध्ये ढकलणारं. ज्या घरातून निघालो त्याच घराचं दार ढकलून आत शिरायचं, हे कसं जमतं ते मला अजून नीट उमगलेलं नाही. हिवाळ्यात उभ्या इंजिनावरच्या चाचणीत ते जमलं. एप्रिलपासून मात्र इंजेक्टर सगळं पाणी जमिनीवर थुंकू लागला. काकांनी तो दहादा खोलला, भोकं साफ केली, माझ्या एसीलाही नावं ठेवली. तयारीची त्यांना भारी घाई. टाकी सकाळीच भरून उन्हात ठेवत, संध्याकाळी इंजिन काढत.

एका संध्याकाळी काकूंनी त्यांना प्यायला माठातलं पाणी आणून दिलं. एक घोट घेतला आणि काका थबकले. पेला तसाच ठेवून त्यांनी टाकीत बोट बुडवलं. मग मला म्हणाले, टाकी रिकामी कर आणि सगळा माठ इथे ओत. काकू रागावल्या, रात्री पाहुणे येणार होते; तरी पंपाशी जाऊन बसल्या. पण गार पाणी मिळताच इंजेक्टर बारीक सुरात गाऊ लागला, खाली थेंब नाही, आणि नळीतली पातळी वर सरकू लागली. नागपूरच्या उन्हात तापलेलं पाणी त्याला चालतच नव्हतं, त्यात वाफ निवत नव्हती.

काकू ट्रॉलीवरून उतरल्या. सुटले बाई, म्हणाल्या आणि पायरीवर जाऊन बसल्या. काका एकटे निघाले. मी टाळ्या वाजवल्या. एक फेरी पूर्ण झाली आणि इंजिन पायरीसमोर थांबलं. काका पहिल्यांदाच नळीकडे न बघता बोलले.

"चाल वं, बस मांगं. एकट्यानं काय गोल गोल फिरू?"

त्यानंतर इंजेक्टर असूनही काकू मागेच बसत आणि पंपही मारत. मागच्या थंडीत काका गेले. मला त्यांची आठवण फार येते. दिवसकार्य झाल्यावर एक हौशी गृहस्थ इंजिन मागायला आले. काकूंनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "देईन ना. पण तुमच्या मांगं बसाले कोणी आहे का?"