उलटी फिरवलेली देवी

तुम्ही रात्री पांघरता त्या चादरीवरची नक्षी कुणाच्या डोक्यातून आली, हे कधी विचारलंय?

माझ्या वडिलांनी डाळिंबाच्या फांदीची एक नक्षी काढली होती. प्रदर्शनात तिला बक्षीस मिळालं, ते वडील ज्या गिरणीत चादरी विणायचे तिच्या मालकाच्या नावानं. वडील एवढंच म्हणाले, "मालक, लेबलवर माझंबी नाव घाला की." दुसऱ्या दिवशी त्यांच्या मागावर दुसराच माणूस बसलेला होता.

मी तेव्हा कॉलेजात होतो आणि गिरणीच्या फाटकावर पत्रकं वाटायचो. कॉलेजच्या फिल्म क्लबाकडे एक छोटा प्रोजेक्टर होता. तिथं आलेल्या रिळांत एक ग्रीक पुराणकथा मी पाहिली आणि मशीन चालवणाऱ्या मित्राला म्हणालो, ही आमच्या घरी दाखवायची. मालकाला बोलवायला मीच गेलो, हात जोडून. फुकटचा सिनेमा म्हणून तो आला. घरातली एकुलती एक खुर्ची त्याला दिली.

भिंतीवर वडिलांचं धोतर ताणलं. आळीतली माणसं अंगणात दाटीनं बसली. संवाद इंग्रजीत, मी ते आम्हा विणकरांच्या घरच्या तेलुगूत आणि मालकासाठी मराठीत सांगत होतो. एक विणकर पोरगी विणकामाच्या देवीशी पैज लावते. तिच्या कापडात देवीला एकही खोट सापडत नाही. मग देवी ते कापड टराटरा फाडते आणि पोरीचा आठ पायांचा कोळी करून टाकते, जन्मभर जाळी विणायला.

वडील मान खाली घालून बसले होते. मालक म्हणाला, "छान आहे. मोठ्यांशी बरोबरी केली की असंच होतं."

आई उठून मित्राजवळ गेली. "बाळा, हे मशीन उलटं फिरतंय का?"

"फिरतं की, मावशी."

"मग फिरव."

कोळ्याची पुन्हा पोरगी झाली. चिंध्या उडत येऊन जुळल्या. देवीनं अख्खं कापड पोरीच्या हातात दिलं आणि पाठीमागं चालत दाराबाहेर गेली. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"आमच्या कापडाचं असं कधी व्हायचं, मालक?" आईनं विचारलं.

"सिनेमा आहे तो," म्हणत मालक उठला. त्याची सावली धोतरावर पडली. मागून आवाज आला, "पाठीमागं चालत जावा की, मालक."

तो सरळच चालत गेला. लेबलवर वडिलांचं नाव घातलं नाही. वडील आता दुसरीकडे टॉवेल विणतात आणि डाळिंबाची फांदी त्याच्या नावानं दुकानात टांगलेली असते. मी त्याला माफ केलेलं नाही.

तुम्ही ती चादर घ्यायला जाल, तेव्हा दुकानदाराला विचारा, ही नक्षी कुणाची. त्यानं मालकाचं नाव सांगितलं, तर सगळ्या गिऱ्हाइकांदेखत पुन्हा विचारा. उत्तर मिळेपर्यंत त्याला चादरीची घडी घालू देऊ नका.