भाडं भरलेला फोन

टेंबेकाका रोज सकाळी आठ वाजता फोनचा रिसीव्हर उचलत, कानाला लावत आणि कोणालाही फोन न करता ठेवून देत. "चालू आहे," ते निराश होऊन म्हणत. बंद सापडला असता तर तक्रार तरी करता आली असती.

मी वारज्यात त्यांच्या समोरचा फ्लॅट भाड्याने घेतला तेव्हा हिंजवडीत नोकरी लागून जेमतेम महिना झाला होता. सामान लावतोय तोच ते दारात आले. "आपण कॉम्प्युटरवाले ना? मग सांगा, इंटरनेट आणि फोन एकाच तारेतून येतात की दोन?" एकाच, मी म्हटलं. "मग मी दोन भाडी का भरतो?" माझं नाव त्यांनी त्यानंतर विचारलं.

काकू गेल्यावर वेळ जावा म्हणून त्यांनी ब्रॉडबँड घेतलं होतं. त्यावर ते जगभरच्या अनोळखी माणसांशी बुद्धिबळ खेळत. फोन कोणाचाच येत नसे. पण कंपनी म्हणे, फोनचं भाडं भरल्याशिवाय ब्रॉडबँड मिळणार नाही. काकांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, खडकवासल्याच्या कालव्यावर झालेली. "कालवा एकदाच खणलाय. पाणी शेताला द्या नाहीतर गावाला, खणाईचे पैसे दोनदा कसे मागता?" तारेची देखभालही करावी लागते, असं मी एकदा सुचवून पाहिलं. "करावी ना. मीही वाटच बघतोय."

दर महिन्याला कंपनीला पत्र जाई. ते सांगत, मी टाइप करी. "'कृपया' एकदाच घाल. जास्त झालं की त्यांना वाटतं, आपण उपकार मागतोय." तोवर त्यांच्या तोंडी मी 'आपण'चा 'तू' झालो होतो.

भाडं भरतोय तर फोन वाजलाच पाहिजे, म्हणून त्यांनी जिन्यातल्या प्रत्येकाला नंबर वाटला. वापरला फक्त माझ्या आईने. माझ्या खोलीत मोबाइलला रेंज नसे, म्हणून ती वर्ध्याजवळच्या आमच्या गावाहून रविवारी नऊ वाजता काकांकडे फोन करू लागली. मी उठून, तोंड धुऊन पोचेपर्यंत काका बोलत बसत.

"माहा पोरगा टायमावर जेवते का नाही जी?"

"जेवतो. काय जेवतो ते विचारू नका."

पुढे पुढे मी पोचलो तरी रिसीव्हर माझ्या हाती येईना. भाजीतल्या तिखटावरून, कापसाच्या भावावरून दोघांचं रंगलेलं असे. शनिवारी संध्याकाळी काका फोन ओल्या फडक्याने पुसून ठेवत, हे मी पाहिलं होतं.

आणि एक दिवस कंपनीचं उत्तर आलं. आपली मागणी मान्य आहे; फोन बंद करून नुसतं ब्रॉडबँड ठेवता येईल; अर्ज सोबत जोडला आहे. काकांनी मला बोलावून पेढा दिला. इतक्या वर्षांच्या भांडणानंतर ते जिंकले होते. चष्मा पुसून ते अर्ज भरायला बसले. नाव झालं, पत्ता झाला. 'फोन क्रमांक परत करण्यास संमती' या रकान्याशी पेन थांबलं.

"रविवारी तुझी आई फोन कुठे करेल?"

"माझ्या मोबाइलवर. मी गच्चीत जाईन."

"नऊला तू उठतोस कुठे?" त्यांनी पेनाला टोपण लावलं.

दुसऱ्या दिवशी मला नवं पत्र टाइप करायला मिळालं. 'आपण माझे म्हणणे मान्य केलेत, आभारी आहे. यापुढे फोनचे भाडे मी माझ्या मर्जीने भरीन. पावतीवर तशी नोंद करावी.' त्याला उत्तर आलं नाही, म्हणून पुढच्या महिन्यात स्मरणपत्र गेलं. टाइप करताना मला हसू आवरेना. काका गंभीर होते.

लग्न झाल्यावर मी हिंजवडीला राहायला गेलो. आईशी रोज मोबाइलवर बोलायचो, म्हणजे जेवलीस का, बरी आहेस ना, इतकं. एका रविवारी साडेनवाला काकांचा फोन आला.

"तुझ्या आईला जिना चढवत नाही. महिना झाला, गुडघा सुजलाय. तुला सांगू नका म्हणाली आहे."

"कालच बोललो तिच्याशी. बरी आहे म्हणाली."

"तुला तसंच म्हणणार. तू दोन मिनिटं बोलतोस." "आजच्या गाडीने जा. आणि मी सांगितलं म्हणू नकोस, नाहीतर पुढच्या रविवारी फोन करायची नाही ती."

मी त्याच दिवशी निघालो. आईने दार उघडलं, मला पाहिलं आणि गुडघ्यावरची साडी सारखी करत म्हणाली, "टेंब्यांनी सांगतलं ना?"

मी नाही म्हणालो. तिचा विश्वास बसला नाही, पण रविवारी नऊ वाजता तिने काकांना फोन केला.