ठमीच्या वाढदिवसाचं वॉशिंग मशीन

कल्पना करा, तुम्हाला एक वाढदिवस साजरा करायचा आहे. बाहेरून काही आणायचं नाही. कात्री, डिंक, पुठ्ठा आणि घरची माणसं एवढ्यावर भागवायचं. जिचा वाढदिवस, ती एक वर्षाची. तिला बोलता येत नाही, चालता येत नाही, आणि तुम्ही खपून केलेली कुठलीही सजावट ती आधी चाटून बघणार आहे. तिला काय आवडतं हे तिलाच विचारायची सोय नाही. आता यात आणखी एक अडचण घाला: तुम्ही दिसलात की ती भोकाड पसरते.

बसा आता पुठ्ठा कापत.

लेव्हलकाका बसले होते. ठमीचे ते आजोबा, म्हणजे तिच्या आईचे वडील. एकतीस वर्षं घरोघरी जाऊन वॉशिंग मशीन दुरुस्त करणारा हा माणूस. बाकीचे लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, काका पाणसळ, म्हणजे लेव्हल, ठेवत. बोटभर लांबीची, काचेच्या नळीत हिरवट पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा. बुडबुडा मधोमध आला की वस्तू सरळ, आणि वस्तू सरळ झाली की काकांचा जीव थाऱ्यावर. डॉक्टरच्या दवाखान्यात गेले तरी आधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करून मग पोट दुखतंय म्हणून सांगत. लेकीच्या सासरी पहिल्यांदा गेले तेव्हा व्याही हात पुढे करून उभे, आणि काका टेबलाखाली. टेबलाचा एक पाय आखूड होता, काकांना राहवलं नाही.

तर अशा सरळ माणसाला त्यांची नात गेले पाच महिने पाण्यात पाहत होती.

आधी तसं नव्हतं. सात महिन्यांची होईपर्यंत ठमी त्यांच्या खांद्यावर लाळ गाळत झोपायची. मग एकाएकी काय बिनसलं कोण जाणे. काका दारात दिसले की तिचा खालचा ओठ पुढे यायचा, हनुवटी थरथरायची आणि मग जो सूर लागायचा तो शेजाऱ्यांनाही पाठ झाला होता.

"मिशा," आजींनी निदान केलं होतं. "त्या मिशांना मीही लग्नानंतर वर्षभर घाबरत होते."

काकांनी तीस वर्षांच्या मिशा उतरवल्या. ठमी दुप्पट रडली. आजीसुद्धा दोन दिवस स्वयंपाकघरात वळून बघताना दचकत होत्या. मग काकांनी साबण बदलला, मग चष्मा काढून बघितला आणि दाराच्या चौकटीवर आपटले. तेवढं ठमीला जरा बरं वाटल्यासारखं दिसलं, पण रोज आपटणार कोण?

वाढदिवसाला तीन आठवडे उरले तेव्हा लेकीच्या घरी बैठक बसली. काका गॅलरीत, म्हणजे ठमीच्या नजरेआड. बोलणं जाळीच्या दारातून.

"जंगल करू या," लेक म्हणाली. "हत्ती, माकडं, पानं..."

"अंतराळ," जावई म्हणाला. तो शाळेत विज्ञान शिकवत असे. "ग्रह करायला सोपे. सगळे गोल."

"काहीही करा, ती खाणारच आहे," आजी म्हणाल्या.

काका जाळीमागून म्हणाले, "अरे पण तिला काय आवडतं, ते बघाल का नाही?"

लेक विचार करून म्हणाली, "खरं सांगू बाबा? वॉशिंग मशीन. ते लावलं की जिथे असेल तिथून रांगत येते. आधी तर नुसत्या टाळ्या आणि खिदळणं चालायचं. हल्ली गपचूप बसून बघत असते."

काकांनी पहिलं वाक्य ऐकलं आणि त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पुढची वाक्यं त्यांच्या कानांवरून गेली. वॉशिंग मशीन! आपली नात! रक्त बोलतं ते असं.

"ठरलं तर," ते जाळीला नाक लावून म्हणाले. "वॉशिंग मशीनचा वाढदिवस."

ठमीने आवाजाच्या दिशेने बघितलं, नाक ओळखलं आणि सूर लावला.

घरी परतताना आजींनी चिमटा काढलाच. "केक कापताना एकच फोटो निघायचा असतो, सगळ्यांचा. पोरगी रडायला लागली तर तुम्ही कुठे उभे राहणार? फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागे?"

पुढचे तीन आठवडे काकांनी जे काही केलं ते त्या एका फोटोसाठी. त्यात त्यांना असायचं होतं, आणि ठमी त्यांच्याजवळ हवी होती. एवढंच.

काम मात्र फर्मास झालं. दुकानदाराकडून फ्रिजचा रिकामा खोका आणला, त्याला पांढरा कागद चिकटवला, समोर गोल भोक पाडून प्लॅस्टिकचं पारदर्शक दार लावलं. आत काकांच्या कामाच्या खोलीतला एक जुना, खरा ड्रम. त्याला छोटी मोटर जोडली, वेग इतका कमी केला की आतल्या रंगीत मोज्यांनी सावकाश वर जावं आणि विचार करून खाली पडावं. बाजूंनी जाळी ठोकली, बोट जाईल अशी फट कुठेही ठेवली नाही. जावयाने अंतराळ विसरून पांढऱ्या फुग्यांचा फेस केला. लेकीने केक गोल आणि मधोमध निळा, मशीनच्या काचेसारखा करायचं ठरवलं. आमंत्रणं म्हणजे कागदाची इवली इवली झबली, आणि येणाऱ्याने एक रंगीत मोजा घेऊन यायचा, मशीनमध्ये टाकायला.

वरच्या मजल्यावरच्या काकूंनी आमंत्रण वाचून विचारलं, "धुतलेला आणायचा का मळका?"

आदल्या दिवशी लेकीच्या बैठकीच्या खोलीत कपडे वाळत घालायची दोरी बांधली गेली. त्यावर चिमट्यांनी ठमीचे बारा फोटो लावायचे, दर महिन्याचा एक. काका स्टुलावर चढून दोरीला पाणसळ लावत होते.

"अहो, दोरी आहे ती," आजी खालून म्हणाल्या. "झोळ पडणारच."

"माझ्या घरात पडत नाही."

"हे तुमचं घर नाही."

काकांनी दोरी ताणली आणि फोटो लावायला घेतले. पहिला महिना: ठमी त्यांच्या हातात. दुसरा, तिसरा, चौथा: ठमी हातात. सातव्यात तर ती त्यांच्या नाकाला लोंबकळत होती. आठव्यात कडेला त्यांचं कोपर. नवव्यात पडद्याखाली त्यांच्या चपला. दहाव्यापासून तेही नाही. काका स्टुलावर तसेच उभे राहिले. सातव्या आणि आठव्याच्या मध्ये एक रिकामा चिमटा जागचा हलला होता, तो त्यांनी पुन्हा मोजून मध्यावर आणला.

वाढदिवसाच्या संध्याकाळी खोली माणसांनी आणि मोज्यांनी भरली. पुठ्ठ्याचं मशीन भिंतीशी उभं. काकांनी चारही कोपऱ्यांना पाणसळ लावून, दोन ठिकाणी वर्तमानपत्राच्या घड्या सारून ते सुतासारखं सरळ केलं होतं. ते स्वतः पडद्याआड, बटण हातात. लेकीने ठमीला समोर आणून बसवलं. पाहुणे श्वास रोखून उभे राहिले. काकांनी बटण दाबलं.

ड्रम फिरला. आवाज नाही, हादरा नाही. मोजे वर गेले, खाली आले. एकतीस वर्षांचं कसब त्या फिरण्यात होतं. पाहुण्यांनी "वा!" केलं.

ठमीने बघितलं. एक चक्कर, दोन चकरा. मग जांभई दिली आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंचा मोजा तोंडात घातला.

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. केक आत तयार होता, फोटोवाला जावई खुर्चीवर चढला होता. त्यांनी मशीन थांबवलं आणि मेणबत्ती आणायला म्हणून मागच्या मागे स्वयंपाकघरात गेले. खरं तर जरा भिंतीकडे तोंड करून उभं राहायला गेले.

इकडे आजींना राहवेना. "किती मेलं ते गुळगुळीत! जिवंत वाटतच नाही." त्यांनी इकडे तिकडे बघितलं, दाराजवळची नवऱ्याची जाड तळाची चप्पल उचलली, खोक्याचं दार उघडून आत टाकली आणि पडद्याआडचं बटण दाबलं.

धप्प.

काका स्वयंपाकघरात ताठ झाले.

धप्प. धप्प. धडाड धप्प. चप्पल वर जाऊन आदळत होती, ड्रम एका अंगाला कलत होता, खोका डुलत डुलत भिंतीपासून सरकत होता. आणि त्या सगळ्यावर एक आवाज, जो काकांनी पाच महिन्यांत ऐकला नव्हता. ठमी हसत होती. पोट धरून हसतात तसं. बसल्या बसल्या उसळत, टाळ्या पिटत, श्वास कमी पडेपर्यंत.

पण काका ते ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. बिघाड ऐकला की त्यांचे पाय डोक्याला न विचारता निघतात. मेणबत्ती हातात घेऊन ते धावत आले, फुगे तुडवले, "कुणी टाकली? बंद करा!" म्हणत बटणावर झेप घेतली. ड्रम थांबला.

ठमीचं हसू हवेतच तुटलं. तिने मशीनकडे बघितलं, मग काकांकडे. खालचा ओठ पुढे आला, हनुवटी थरथरली.

काकांनी तो ओठ बघितला आणि त्यांना न्हाणीघराचं दार आठवलं.

पाच महिन्यांपूर्वी लेकीने फोन केला होता, "बाबा, मशीन नाचतंय, सगळं घर हादरतं." काका आले होते. मशीन खरंच नाचत होतं, फरशीवरून वीतभर पुढे यायचं. त्यांनी ते बंद केलं, मागचा डावा पाय अर्धा फेरा फिरवला, पाय जागचा हलू नये म्हणून पान्याने लॉकनट आवळला, पाणसळ ठेवली, बुडबुडा मधोमध. मशीन पुन्हा लावलं तर चिडीचूप. ते खूश होऊन वळले, तर मागे उंबरठ्यावर बसलेली ठमी भोकाड पसरत होती. त्यांना वाटलं, भूक लागली असेल.

सात आणि आठच्या मधला चिमटा!

"अगं," ते आजींना म्हणाले, "चप्पल कुठली टाकलीस?"

"तुमची. का?"

"दुसरी कुठे आहे?"

आजींनी दाराकडे बोट दाखवलं. काकांनी दुसरी चप्पलही आत टाकली, खाली बसून वर्तमानपत्राच्या घड्या एकेक करून काढल्या आणि बटण दाबलं.

मशीनने जे थैमान घातलं ते विचारू नका. खोका कलला, एका कोपऱ्यावर उभा राहिला, भिंतीला टेकला, परतला. काकांनी जमिनीवर बसून त्याला पाठ लावली, नाहीतर तो सरळ जिन्यातच गेला असता. ठमी किंचाळत, हसत रांगत आली. खोक्यापाशी पोचली. उभं राहून आत बघायचं तर काहीतरी धरायला हवं. तिने सगळ्यात जवळचं जे होतं ते धरलं: काकांचा कान.

काका हलले नाहीत. कान लाल झाला, डोळ्यांत पाणी आलं, तरी हलले नाहीत. जावयाने धडाधड फोटो काढले.

केक वेळेवर कापला गेला नाही. मेणबत्ती काकांच्या खाली सापडली.

फोटो आता दोन्ही घरांत लावला आहे. त्यात खोका तिरका, दोरीला झोळ, काका वाकडे, आणि त्यांच्या कानाला धरून ठमी. लेकीकडची चौकट उजवीकडे कललेली आहे. काका तिकडे गेले की तिच्याखालून जातात आणि हात पाठीमागे बांधून घेतात.

पुढच्या रविवारी ते लेकीकडे चहाला गेले आणि हात धुवायला म्हणून न्हाणीघरात जरा जास्तच वेळ होते. दोन दिवसांनी दुपारी लेकीचा फोन आला.

"बाबा, मशीन पुन्हा नाचायला लागलंय हो."

"जुनं झालंय गं ते," काका म्हणाले. "होतं असं. बघतो कधीतरी."

फोनमधून धडधड ऐकू येत होती आणि त्यावर खिदळणं. आजींनी नवऱ्याच्या खिशाकडे बघितलं. पाणसळीशेजारून पान्याचं टोक डोकावत होतं. त्या नुसत्या हसल्या.

काका आजही कामाला जातात, नाचणारी मशीनं गप्प करतात. फक्त पाना लावायच्या आधी एकदा वळून मागे बघतात, उंबरठ्यावर कुणी बसलंय का म्हणून. आणि ठमी बोलायला लागायची ते वाट बघत आहेत. आई, बाबा, आजी, काय म्हणायचं ते आधी म्हणून घेऊ दे. मग त्यांना तिला एकच विचारायचं आहे: त्या दिवशी मी पाना फिरवला, बये, तेव्हा तुला काय वाटलं, मी कुणाला गप्प केलं?