सीताफळाचं माहेर

फळांच्या नावांवर माझा फारसा विश्वास नाही. पेरू म्हणे पेरू देशाचा, मोसंबी म्हणे मोझांबिकची. सांगणारा पुरावा कधी देत नाही. त्यातून सर्वांत जास्त संशय सीताफळाचा. काल मी वजन पारखून आणलेली सीताफळं आईने नेहमीप्रमाणे आधी देवापुढे ठेवली आणि म्हणाली, "वनवासात सीतामाईने हेच खाल्लं."

मला राहवलं नाही. "आई, हे झाड समुद्रापलीकडून आलंय, असं मी वाचलंय. सीतेच्या काळात ते इथे नव्हतंच. नाव कुणीतरी नंतर चिकटवलं."

फळ फोडता फोडता तिचा हात थांबला. वाटलं, उगीच बोललो. आता ती खाणार नाही.

"नाव नंतरच ठेवतात रे," ती म्हणाली. "लग्नात तुझ्या बाबांनी ताटातल्या तांदळात अंगठीने 'सुनंदा' लिहिलं. तोवर मी कुठे सुनंदा होते?"

"मग कोण होतीस?"

"वेणू. त्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नाही."

इतक्या नावांची उलटतपासणी केली मी, पण रेशनकार्डावरच्या 'सुनंदा' या नावाची शंका मला कधी आली नव्हती.

आईने अर्धं फळ माझ्या हातावर ठेवलं आणि उरलेल्या अर्ध्याकडे बघत विचारलं, "तिकडे काय म्हणायचे रे याला? माहेरचं काहीतरी नाव असेलच की. शोधून सांग मला."